सातव्या पानावरचा कारकून

२ फेब्रुवारी, सोमवार

धाकट्या,

या पत्राला श्रोता एकच आहे आणि तोही पाठ फिरवून बसलेला. तरी बोलते. पाठ फिरवलेल्यांसमोर बोलायची मला सवय आहे.

तुझी-माझी एक तक्रार जुनी आहे, तिथून सुरुवात करू. तू चौथीत होतास. तुझ्या इतिहासाच्या पुस्तकात आपल्या शहराबद्दल एकच ओळ होती: ‘येथे विजेच्या दिव्यांचा मोठा कारखाना आहे.’ तू ती आईला मोठ्यानं वाचून दाखवलीस आणि विचारलंस, “आई, यात तू कुठे आहेस?” आई तेव्हा तपासणी खोलीत रोज अठराशे पेटते दिवे डोळ्यांसमोर धरायची आणि घरी येऊन भिंत चाचपत टॉवेल शोधायची. ती म्हणाली, “असेन कुठेतरी. पुढचं पान बघ.” तू खरंच पुढचं पान उलटलंस. तिथे एका राजाची तलवार होती.

ती ओळ आपल्या दोघांनाही कधी पचली नाही. तू पुस्तकं मिटलीस आणि आकड्यांकडे गेलास. मी फाटकासमोर उभी राहून बोलायला लागले.

आता कबुली. तुझ्या बायकोची बदली इथल्या रुग्णालयात झाली, मुली माझ्या घरात राहायला आल्या, तेव्हा तू तिच्यामार्फत मला अट घातली होतीस. ताईनं गणित शिकवावं, भाषा शिकवावी, झाडं-पानं शिकवावीत. इतिहास नाही. मी हो म्हणाले होते. ती अट मी दोन महिन्यांपूर्वी मोडली.

कारण ऐक. आपल्या भागातली शाळा बंद करून दोन बस बदलाव्या लागतील इतक्या लांब नेली. अठरा घरांनी ठरवलं, मुलांना घरीच शिकवू. विषय वाटून घेतले. तिसऱ्या मजल्यावरचा सुतार भूमिती शिकवतो. कोपऱ्यावरची बेकरीवाली अपूर्णांक शिकवते, आणि पाव, अर्धा, पाऊण करत करत धडा पोटात जात असल्यामुळे तिच्या वर्गाला गैरहजेरी नसते. इतिहास कोणाला देणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अठरा घरांसमोर उभी राहून ‘माझ्या भावानं मनाई केली आहे’ असं म्हणू?

तुझी थोरली काय चीज आहे, तुला माहीत आहे. नऊ वर्षांची आहे, पण चौकशी अशी करते की मी तिला फौजदार म्हणते. धाकटी मुंगी. शाळेत तिसऱ्या महिन्यात बोलायची बंद झाली होती ना, इथे बोलते. हळू, पण नेमकं. पहिला धडा मी नदीवरच्या पुलाचा घेतला. म्हणाले, “हा पूल महापौरांनी बांधला.”

मुंगी म्हणाली, “एकट्यांनी?”

“नाही गं. बांधून घेतला.”

“मग ते काय करत होते?”

“सही.”

तिनं बराच विचार केला. “त्यांचा हात दुखला असेल.”

फौजदार म्हणाली, “आत्या, ‘बांधला’ खोडू का?” खोडलं. त्या दिवशी मला कळलं की लहान मुलांसाठी इतिहास सोपा करणं म्हणजे तो पातळ करणं नव्हे. सोपा करायला बसलं की खोटा भाग आधी गळून पडतो. आम्ही नियम केले. एका पानावर एकच घटना. एका वाक्यात एकच माणूस आणि त्याचं एकच काम. तिसरा नियम फौजदाराचा: प्रत्येक पानाखाली लिहायचं, ‘हे कोणी पाहिलं?’

आमची पानं युनियनच्या अध्यक्षांना आवडली. संपाला यंदा वीस वर्षं होतात. एक मार्चच्या सभेत ‘आपल्या शहराचा सोपा इतिहास’ म्हणून बारा पानांचं पुस्तक वाटायचं ठरलं आहे. सातवं पान संपाचं. ते मी लिहीन. तू डोक्याला त्रास करून घेऊ नकोस.

रुग्णालयाची औषधांची गाडी दर सोमवारी आणि गुरुवारी तू काम करतोस त्या बोगद्याच्या तळावर येते म्हणे. हे पत्र तिच्याबरोबर धाडते. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतोस. कागद तसा ठेवून देता येत नाही.

तुझी ताई


१२ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्या,

उत्तर मला नाही, तुझ्या नर्स बायकोला आलं. रुग्णालयात तिला तुझा फोन गेला आणि ती दारातच, पायातले बूट न काढता म्हणाली, “ताई, ते म्हणालेत, बंद करा.”

‘बंद करा’ हे दोन शब्द मी आयुष्यात फार वेळा ऐकले. ध्वनिक्षेपक बंद करा. फाटक बंद करा. तोंड बंद करा. ज्यांनी म्हटले त्यांच्या रांगेत माझा सख्खा भाऊ उभा राहील असं वाटलं नव्हतं.

तुला सातव्या पानाची भीती आहे. मग वाच, लपवत नाही:

‘कामगारांनी अर्ज लिहिला. अर्जावर नावं नव्हती. हजेरीच्या कारकुनानं मॅनेजरला नावं सांगितली. अकरा जणांना काढून टाकलं.’

चार वाक्यं. सहा वर्षांच्या मुलीलाही समजतील. यात तुझं नाव कुठे आहे? हजेरीला तेव्हा तीन कारकून होते. तपासणी खोलीत दोन तासांनी पाळी बदला, डोळे जातात, एवढंच आम्ही मागत होतो. खाली सही म्हणून ‘आम्ही एक्केचाळीस’ एवढंच लिहिलं होतं. मॅनेजर नावांसाठी तडफडत होता आणि तीन आठवड्यांत त्याच्या हाती अकरा लागली. कोणीतरी दिली. हे सगळं शहर जाणतं. सगळं शहर जाणतं ते मुलांना सांगायचं नाही?

फौजदारानं तिचा नियम पुढे केला. “आत्या, हे कोणी पाहिलं?”

“सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळे त्या खोलीत होते?”

मी म्हणाले, “आधी शुद्धलेखन नीट कर, मग मला शिकव.” ती जागा तिनं रिकामी ठेवली आहे.

मुंगीनं विचारलं, “कारकून वाईट होता का?” मी हो म्हणाले. लहान मुलांना अर्धवट उत्तरं चालत नाहीत. तिनं कारकुनाचं चित्र काढलं. मोठं पोट, कानावर पेन, आणि दात, हनुवटीपर्यंत आलेले. फौजदारानं ते भिंतीवर टाचणीनं लावलं.

तुझी बायको पाळी संपवून आली. “हे कोण?”

“वाईट कारकून,” मुंगी म्हणाली. “त्यानं सगळ्यांची नावं सांगितली.”

ती न्हाणीघरात गेली आणि पाणी कितीतरी वेळ वाहत राहिलं. बाहेर येऊन हात पुसत म्हणाली, “ताई, ते चित्र काढा.”

“पोरीनं इतकं मन लावून काढलंय.”

“मी काढू?”

मी चित्राला हात लावला नाही, ताटं मांडली. तिनंही हात लावला नाही. कदाचित तिला मुलींसमोर कारण सांगावं लागलं असतं. आम्ही चौघी त्या चित्राखाली बसून जेवलो.

आणखी एक गोष्ट तुझ्या कानावर असावी. परवा फौजदारानं विचारलं, “बाबा बोगद्याच्या आधी काय करायचे?” मी म्हणाले, मोजमापाचं काम. खोटं नव्हतं. हजेरीही मोजमापच.

रविवारी तुझा फोन आला नाही. मुली दोन तास फोनजवळ ठोकळे खेळत होत्या. माझ्यावरचा राग त्यांच्यावर काढू नकोस.

ताई


१९ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्या,

याही रविवारी फोन नाही.

मंगळवारी जे झालं ते लिहिते. किरकोळ आहे. लिहिते अशासाठी की तुझी बायको तुला तिच्या पद्धतीनं सांगेल.

फौजदार त्या रिकाम्या जागेसाठी साक्षीदार शोधत होती. मी बाजारात गेले असताना तिनं माझं कपाट उघडलं आणि माझ्या त्या भाषणाची पुस्तिका काढली. तुला आठवत असेल. संपाच्या आधीचं, फाटकासमोरचं. मॅनेजरचा माणूस गर्दीतून ओरडला होता, “एक्केचाळीस कुठले! चार टाळकी आहेत. असतील तर नावं सांगा!” आणि मी म्हणाले होते, “नाव सांगणार नाही. माणूस सांगते!” मग मी एकेक माणूस उभा केला. नाव न घेता. ‘ती दुसऱ्या रांगेत बसते. तिचा डावा डोळा बारा महिने पाझरतो आणि दिव्याकडे पाहताना तिची मान उजवीकडे कलते.’ ‘त्याच्या दोन बोटांची पेरं भट्टीनं खाल्ली, उरलेल्या बोटांनी तो बासरी वाजवतो.’ लोक रडले. मॅनेजरचा माणूससुद्धा गप्प झाला. दर वर्षी युनियन ते छापते.

मी परत आले तर जमिनीवर कागद पसरलेले. फौजदार वाचतेय, मुंगी चित्रं काढतेय आणि खालच्या मजल्यावरच्या काकू भिंतीला टेकून ऐकताहेत. काकूंना आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. धडा ऐकायला त्या रोज वर येतात. म्हणतात, टीव्हीपेक्षा बरं, जाहिराती नसतात.

फौजदारानं डावा डोळा आणि कललेली मान वाचली. काकू टाळी वाजवून म्हणाल्या, “अगं, ही तर मी! मान अजून कलते बघ. मुंगे, नाक नीट काढ हं, माझं नाक चांगलं होतं.”

“आणि बासरीवाले?” फौजदार म्हणाली.

“तो भट्टीवरचा आमचा बासरीवाला. वाजवायचा इतकं वाईट की आम्ही त्याला सुट्टीचा भोंगा म्हणायचो.”

“जुळ्यांची आई?”

“माझ्या शेजारच्या खुर्चीवरची. पुढचं वाच.”

अकरा माणसं. काकूंनी अकराच्या अकरा ओळखली, एकदाही न अडखळता. फौजदारानं प्रत्येक चित्राखाली लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, “काकू, यांतल्या कोणाकोणाला कामावरून काढलं?”

“सगळ्यांना, बाई,” काकू म्हणाल्या. अभिमानानं म्हणाल्या, मान ताठ करून. “आम्हीच ते अकरा.”

फौजदार माझ्याकडे वळली. हातातल्या पिशव्या मी अजून खाली ठेवल्या नव्हत्या.

“आत्या, काकूंना दहा मिनिटांत कळलं. मॅनेजरला किती वेळ लागला असेल?”

मी म्हणाले, धडा संपला. पेन्सिली गोळा केल्या. मुंगी म्हणाली, अजून सातच रंगवून झालीत. मी म्हणाले, संपला म्हणजे संपला. काकू आधी हसत होत्या. मग त्यांचं हसणं थांबलं, आणि जिना उतरताना त्यांनी रोजच्यासारखा माझा हात मागितला नाही.

नऊ वर्षांच्या पोरीची ही बेरीज आहे. योगायोगाची बेरीज. अकरा ही काही फार मोठी संख्या नव्हे. एक्केचाळीसांतले सगळ्यांत पुढे असलेलेच मी भाषणात घेतले, आणि सगळ्यांत पुढे असलेलेच कारकुनाला ठाऊक असणार. असं असू शकतं की नाही?

तू मला एक कर. एका ओळीत लिही. तू नावं दिलीस की नाही? पुस्तकाचा पक्का मजकूर शनिवार अठ्ठावीसला छापखान्यात जातो. मला उत्तर हवं आहे आणि मला ते लगेच हवं आहे.

ताई


२३ फेब्रुवारी, सोमवार

धाकट्या,

गाडीवाल्यानं गुरुवारी रात्रीच तुझी चिठ्ठी आणून दिली. वीस वर्षांत पहिली. ‘ताई, मी तुला त्याच संध्याकाळी सांगायला आलो होतो.’ बस. खाली सहीसुद्धा नाही.

आला होतास.

युनियनच्या खोलीत तीस-पस्तीस माणसं होती. मी टेबलावर बसले होते, पुस्तिकांचे गठ्ठे सुटत होते, शाई ओली होती. तू घामाघूम आलास, कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात तसंच. म्हणालास, “ताई, मॅनेजर तुझं भाषण घेऊन बसलाय. ओळींखाली रेघा मारतोय. मला आत बोलावलं आणि विचारलं, दुसऱ्या रांगेतली ती कोण...”

आणि मी टेबलावरून उतरले.

तुला पुढचं बोलू दिलं नाही. “आणि तू सांगितलंस!” असं ओरडले. सगळ्यांकडे वळून ओरडले. मग दहा मिनिटं बोलले. एका घरात एक बहीण फाटकावर आणि एक भाऊ कार्यालयाच्या पंख्याखाली कसा असतो त्यावर बोलले. आईच्या डोळ्यांवर बोलले. फार चांगलं बोलले. तू तीनदा तोंड उघडलंस. तीनदा, मला आठवतं. कोणीतरी तुझ्या गळ्यातलं ओळखपत्र ओढून तोडलं. तू जिन्यावरून उतरलास तेव्हा लोक वरून कागदाचे बोळे मारत होते आणि ते बोळे माझ्या भाषणाचे होते.

त्या संध्याकाळी अजून एकाही माणसाला काढलेलं नव्हतं. हे मी वीस वर्षं कोणाला मोजू दिलं नाही. तीन आठवडे हातात होते. तू सावध करायला आला होतास. मी ऐकलं असतं तर अकरा जणांना लपवता आलं असतं, रांगा बदलता आल्या असत्या, उरलेल्या तीस जणांनी आपण होऊन नावं दिली असती तर अकरांना वेगळं काढणं मॅनेजरला जड गेलं असतं. काहीतरी करता आलं असतं. कदाचित काहीच करता आलं नसतं. पण मी भाषण केलं.

आणखी सांगते. फौजदारानं मंगळवारी जी बेरीज केली ती मी वीस वर्षांपूर्वी केली आहे. बडतर्फीची पत्रं निघाली त्या दुपारी मी पुस्तिका उघडली आणि बोट ठेवून मोजलं. अकरा. मग पुस्तिका मिटली. तू तोवर शहर सोडलं होतंस. सगळे म्हणाले, पळाला म्हणजेच तो. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. गेल्या पत्रात ‘योगायोग’ लिहिलं तेव्हाही मला ठाऊक होतं. तू ती ओळ वाचून काय म्हणाला असशील याचा विचार मी करत नाही. धीर होत नाही.

काल अध्यक्षांकडे गेले. म्हणाले, सातवं पान बदलायचं आहे. काय बदलायचं ते सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“ताई, वीस वर्षांनी हे काय काढलंत?”

“खरं आहे ते काढलं.”

“मुलांचं पुस्तक आहे. तुम्हीच म्हणाला होतात ना, सोपं ठेवा? एक वाक्य, एक माणूस, एक काम. कारकुनानं नावं सांगितली. याहून सोपं काय लिहिणार?”

“पण ते खोटं आहे.”

“त्या वाक्यावर आम्ही वीस वर्षं एकत्र आहोत. दर सभेला तुम्ही स्वतः ते म्हटलंय, आम्ही टाळ्या वाजवल्यात. आता लोकांना काय सांगू? की ज्या भाषणाला रडलात त्याच भाषणानं तुमच्या नोकऱ्या गेल्या?”

“हो. तेच सांगा.”

“तुम्ही सांगा,” ते म्हणाले. “पण युनियनच्या व्यासपीठावरून नाही.” रविवारच्या वक्त्यांच्या यादीतून त्यांनी माझ्यासमोर माझं नाव खोडलं. दुखावून खोडलं, रागानं नाही. त्यांची बायको त्या अकरांत होती.

तिथून काकूंकडे. दार उघडं होतं. त्या ओट्याशी उभ्या राहून चाचपत कप विसळत होत्या. मी बसले नाही, उभ्यानंच सांगितलं. भाषण, मोजणी, तू आलास ती संध्याकाळ, सगळं. त्यांनी नळ बंद केला.

“वीस वर्षं मी तुझ्या भावाला शिव्या घातल्या,” त्या म्हणाल्या. “रोज. भांडी घासताना, केस विंचरताना. त्या आता परत कशा घेऊ, सांग.”

मी म्हणाले, “मला घाला.”

“तुला? तुझ्यासमोर उभं राहून मला कधी शब्द सुचलेत?” मग म्हणाल्या, “त्या भाषणात किती छान सांगितलं होतंस गं मला. नवरा गेला तेव्हासुद्धा मी ती ओळ वाचून घेतली होती कोणाकडून तरी. आपल्याला कोणीतरी एवढं नीट बघितलं होतं म्हणून.”

मी जिना चढून वर आले. आज त्या धड्याला आल्या नाहीत.

मुलींना अजून सांगितलेलं नाही. भिंतीवर चित्र आहे. मी तीस हजार माणसांसमोर बोलले आहे. या दोघींसमोर जीभ उचलत नाही.

तुझी ताई


२६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्या,

सांगितलं.

काल सकाळी दोघींना टेबलाशी बसवलं. तुझ्या बायकोला म्हणाले, तूही बस. ती उशिरा जाणार होती, रुग्णालयात कळवून आली. भाषणासारखं सांगायचं नाही असं ठरवलं होतं. आमचेच नियम लावले. एक वाक्य, एक माणूस, एक काम. आत्यानं भाषण केलं. मॅनेजरनं ते वाचलं. कारकून सावध करायला आला. आत्यानं त्याला बोलू दिलं नाही. आत्या खोटं बोलली. पाचवं वाक्य म्हणताना मी टेबलाची कड धरली होती.

मुंगीनं विचारलं, “किती दिवस?”

“वीस वर्षं.”

“मी सहा वर्षांची आहे,” ती म्हणाली. हिशेब जुळेना म्हणून आईकडे पाहिलं.

फौजदार म्हणाली, “कारकुनाचं नाव काय?”

तुझ्या बायकोनं मला सांगू दिलं नाही. ती म्हणाली, “कारकून म्हणजे तुमचे बाबा.”

फौजदारानं भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. मुंगी उठली, खुर्ची भिंतीशी ओढत नेली, चित्र काढून खाली आणलं आणि खोडरबरनं दात खोडायला बसली. मेणाचा खडू. जाईना. तिनं इतकं घासलं की तोंडाच्या जागी कागदाला भोक पडलं. मग ती रडायला लागली, मोठ्यानं, शाळेत बोलणं बंद झाल्यापासून इतक्या मोठ्यानं ती कधीच रडली नव्हती. तुझी बायको तिला घेऊन आत गेली. जाताना मला म्हणाली, “ताई, आता थांबू नका. पान पुरं करा.”

पान फौजदारानं लिहिलं. हे असं:

‘कामगारांनी अर्ज लिहिला. अर्जावर नावं नव्हती. आत्यानं भाषणात अकरा माणसं अशी सांगितली की ती ओळखू आली. मॅनेजरनं त्या अकरा जणांना काढून टाकलं.’ खाली: ‘हे कोणी पाहिलं? भाषण छापलेलं आहे. काकूंनी ओळखून दाखवलं.’ काकूंना वाचून दाखवायला ती एकटीच खाली गेली. काकू म्हणाल्या, राहू दे तसंच. एवढंच म्हणाल्या. पण म्हणाल्या.

मग मी तिला शेवटचं वाक्य सांगितलं. “लिही, ‘कारकुनानं नावं सांगितली नाहीत.’”

तिनं पेन्सिल उचलली नाही. “तू त्या खोलीत होतीस?”

“नाही.”

“मग तुला कसं माहीत?”

“अगं, तुझे बाबा आहेत ते.”

“म्हणूनच,” ती म्हणाली. “मी लिहिलं तर सगळे म्हणतील, मुलगीच लिहिणार.”

मी वाद घालणार होते. तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तिचं बरोबर होतं, आणि तेही मला आत्ता पहिल्यांदा कळत होतं. मॅनेजरनं तुला विचारलं, दुसऱ्या रांगेतली ती कोण. तू काय उत्तर दिलंस? मला माहीत नाही. तू ते वाक्य माझ्यासमोर सुरू केलं होतंस आणि मी ते तोडलं. वीस वर्षं मी शहराला सांगितलं की तू नावं दिलीस. चार दिवस झाले, सांगत फिरतेय की तू दिली नाहीस. दोन्ही वेळा मी त्या खोलीच्या बाहेर होते.

कदाचित तू गप्प राहिलास. कदाचित तू चोवीस वर्षांचा होतास, दार बंद होतं, समोर मॅनेजर होता आणि तुझ्या तोंडून एखादं नाव निसटलं, आणि तेच सांगायला तू धावत आला होतास. त्यानं माझा एक कणही गुन्हा कमी होत नाही. ओळखू येतील अशी माणसं मी उभी केली होती. तुला विचारायची वेळ मीच आणली. पण काय घडलं ते तुझ्याखेरीज जगात कोणी सांगू शकत नाही. मॅनेजर गेला. त्या खोलीतला तू एकटाच उरलास.

छापखानेवाला भला माणूस आहे. युनियनचं नाव नको असेल तर नको, पुस्तक छापतो म्हणाला. सातव्या पानावर चौथ्या वाक्याखाली एका ओळीची जागा तो शनिवारी रात्री आठ वाजेपर्यंत मोकळी ठेवणार आहे. रविवारी सभागृहात मला बोलू देणार नाहीत. मी दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पुस्तक देईन आणि सांगेन, सातवं पान माझ्याबद्दल आहे, ते आधी वाचा. कोणी पुस्तक तोंडावर फेकलं तर उचलीन आणि पुढच्याला देईन. ते माझं काम, त्यात तुझी मदत मागत नाही. क्षमाही मागत नाही. ती पत्रातून मागायची गोष्ट नव्हे आणि तू आत्ता ती द्यावीस असंही मला वाटत नाही.

एक गोष्ट मागते, आणि ती माझ्यासाठी नाही. तीन रविवार तू फोन केला नाहीस. तुझ्या मुली समजतात, बाबांना चित्राचं कळलं म्हणून ते रुसले. मुंगीनं काल आईला विचारलं, बाबांना नवे दात काढून पाठवले तर चालतील का.

शनिवारी संध्याकाळी बरोबर सात वाजता घरी फोन कर. माझा आवाज येणार नाही. मी घरात नसेन, छापखान्यात असेन. फोन फौजदार उचलेल. तिच्याजवळ वही असेल. तिला त्या खोलीत काय झालं ते सांग, दार उघडून तू आत गेलास तिथपासून बाहेर आलास तिथपर्यंत. नाव सांगितलं नसशील तर तसं सांग. सांगितलं असशील तर तेही सांग. ती तेही लिहील, आणि खाली लिहील, ‘हे बाबांनी पाहिलं.’ ती मध्ये बोलणार नाही. मी तिला फक्त एकच सूचना दिली आहे, बाबांचं वाक्य पुरं होऊ दे.

शनिवार. सात. फोन कर.

ताई